पाळण्याची दोरी

पाळण्याच्या दोरीचा महिमा सांगणारें एक वचन आपल्या मराठी शाळांच्या भिंतींवर पिढ्यान् पिढ्या रंगविलेलें दिसतें. स्त्रीशिक्षणाच्या सभांतून, हळदीकुंकवाच्या समारंभांतून आणि बक्षीस-समारंभाच्या भाषणांतून तें इतक्या वेळां उच्चारलें गेलें आहे कीं, त्याच्या सत्यतेविषयीं शंका घेण्याचें धाडस सहसा कोणी करीत नाहीं. शिक्षकी पेशांत असतां मींहि तें सुवाच्य अक्षरांत फळ्यावर लिहिलेलें आहे. परंतु इतिहासाची थोडीबहुत आवड असलेल्या माणसास त्यावरून एक साधा प्रश्न विचारावासा वाटतो. आपल्या महाराष्ट्रांतील जुन्या घरांत ही दोरी खरोखर आईच्या हातीं होती काय? आणि नसल्यास ती तिच्या हातीं केव्हां आली व कोणत्या मार्गानें आली?

श्रोतेहो, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरील पुणें, नाशिक, वाई किंवा कोंकणपट्टी येथील एखादें मध्यम स्थितीचें एकत्र कुटुंब डोळ्यांपुढें आणा. अशाच घरांची माहिती आपणांस अधिक मिळते, कारण लिहितां येणारीं माणसें तेथें होतीं. कष्टकऱ्यांच्या घराकडे मी पुढें वळणार आहें.

पहिलटकरणीचें बाळंतपण बहुधा माहेरीं होई. माजघरापलीकडली एक अंधारी खोली तिच्यासाठीं रिकामी करावयाची. खोलींत बाज, बाजेखालीं शेगडी, शेगडींतील निखाऱ्यांवर ओवा व बाळंतशेपा टाकून केलेला धूर. नाळ कापावयाची ती सुईणीनें. पांचव्या-सहाव्या रात्रीं सटवाईची पूजा. पूजेपाशीं कोरा कागद व लेखणी ठेवीत, कारण त्या रात्रीं सटवाई येऊन बाळाच्या कपाळीं त्याचें भविष्य लिहिते अशी समजूत. बाराव्या दिवशीं बारसें. वरवंट्यास कुंची घालून तो पाळण्याच्या वरून व खालून एकीनें दुसरीच्या हातीं द्यावयाचा आणि मग बाळाच्या कानांत नांव सांगावयाचें.

ह्या विधींना केवळ भाबडेपणा म्हणून बाजूस सारणें मला रास्त वाटत नाहीं. सटवाईच्या रात्रीं घरच्या बायका जागरण करीत, बाळास एकटें सोडीत नसत. आतां वैद्यकशास्त्र असें सांगतें कीं, अस्वच्छ हत्यारानें नाळ कापल्यामुळें अर्भकास होणारा धनुर्वात बहुधा जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारासच उद्भवतो. सहाव्या रात्रीच्या भीतीचें मूळ ह्या अनुभवांत असावें, असा माझा तर्क आहे. रोगाचें कारण ठाऊक नव्हतें, त्याची वेळ मात्र बायकांनीं अचूक हेरलेली होती.

बाळगुटीचें उदाहरण घ्या. वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, जायफळ, बाळहिरडा, काकडशिंगी, अतिविष, ज्येष्ठमध, बदाम, खारीक अशीं मुळें-फळें एका डब्यांत असत. सहाणेवर आईच्या दुधांत त्यांचे वेढे द्यावयाचे. जायफळाचा एक वेढा, हिरड्याचे दोन, पोट फुगलें असेल तर मुरडशेंगेचा एक अधिक. बाळ जसजसें मोठें होई तसतसे वेढे वाढावयाचे. तराजू नाहीं, माप नाहीं. परंतु मात्रेचा हिशेब आहे आणि तो रोज सकाळीं बाळाकडे पाहून नव्यानें केलेला आहे. पाय लांब करून, त्यांवर बाळास निजवून तेल चोळणाऱ्या, टाळू भरणाऱ्या, कढत पाण्यानें न्हाऊं घालून धुरी देणाऱ्या आणि दुपट्यांत घट्ट गुंडाळून पाळण्यांत ठेवणाऱ्या त्या वडीलधाऱ्या बाईच्या हातांत एक विद्याच होती. हेतुपुरस्सर बालसंगोपन ही आधुनिक कल्पना आहे असें म्हणणाऱ्यांनीं ती सहाण एकदां डोळ्यांसमोर आणावी.

मात्र ती सहाण आईच्या हातीं नव्हती. कोणती मुळी किती वेढे, बाळास केव्हां न्हाऊं घालावयाचें, दृष्ट केव्हां काढावयाची, उष्टावण कोणत्या महिन्यांत करावयाची, हें सारें आजीनें, सासूनें किंवा घरांतील थोरल्या बाईनें ठरवावयाचें. आई म्हणजे तेरा-चौदा वर्षांची पोर. तिला अद्याप स्वतःच्या वेणीची गांठ नीट मारतां येत नसे. बाळ रडूं लागलें तरी हातांतील काम टाकून त्यास उचलण्याची तिची प्राज्ञा नसे. तें उचलून आणून तिच्या पदराखालीं देण्यांत येई आणि पाजून झालें कीं परत नेण्यांत येई. बापाची स्थिति याहून चमत्कारिक. वडीलमाणसांच्या देखत आपल्या मुलास कडेवर घेणें हा अमर्याद वागणुकीचा प्रकार समजला जाई. पुतण्यांचे लाड खुशाल करावे. स्वतःच्या मुलाकडे मात्र बघून न बघितल्यासारखें करावें. ह्याचा एक परिणाम आपल्या पिढीपर्यंत टिकून होता. घरांतील इतर माणसें ज्या नांवानें आईस हांक मारीत त्याच नांवानें तिचीं मुलेंहि तिला हांक मारीत. जन्मदात्या आईस ‘वहिनी’ आणि बापास ‘अण्णा’ किंवा ‘भाऊ’ म्हणणारीं माणसें श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं पाहिलीं असतील. कित्येक घरांत ‘आई’ ही पदवी आजीकडे असे.

अशा आईला स्वतःचा म्हणून जो थोडा वेळ मिळे तो पहांटेचा, जात्यापाशीं. मांडीवर बाळ निजलेलें, घर झोपलेलें, आणि जात्याच्या घरघरींत तिचा आवाज कोणास ऐकूं जाणार नाहीं अशी खातरी. त्या वेळीं तिनें गाइलेल्या ओव्यांतून तान्ह्या बाळाविषयीं जी ममता, जी भीति आणि जे मनसुबे व्यक्त झाले आहेत, ते तिला दिवसां बोलून दाखवितां आले नसते. साने गुरुजींनीं ह्या ओव्या जमवून १९४० सालीं ‘स्त्रीजीवन’ ह्या नांवानें प्रसिद्ध केल्या. मराठी आईच्या इतिहासाचें अस्सल साधन म्हणून मला तो संग्रह कोणत्याहि बखरीइतका मोलाचा वाटतो. बखरीच्या लेखकास धनी असतो; जात्यापुढें बसलेल्या बाईस त्या घटकेपुरता कोणी धनी नसे.

ह्या ओव्यांतील भीतीविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण तीवांचून पुढील सारा इतिहास नीट समजणार नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं देखील हिंदुस्थानांत जन्मलेल्या दर हजार मुलांपैकीं दोनशेंच्या आसपास मुलें वर्षाचीं होण्यापूर्वींच दगावत. पांच मुलांमागें एक! आज हेंच प्रमाण हजारीं तिसांच्याहि खालीं आलें आहे. तेव्हांच्या आईबापांनीं ह्या मृत्यूशीं जी झुंज दिली तिच्या खुणा आपल्या नांवांत आहेत. पहिलीं मुलें गेल्यावर झालेल्या मुलाचें नांव दगडू, धोंडू, केरू किंवा भिकू ठेवीत. त्याला उकिरड्यावरून आणलें, भीक मागून आणलें असें समजावयाचें, म्हणजे मृत्यूला त्याचा लोभ वाटणार नाहीं. कोणी मुलाचें नाक टोंचून त्याला नथू म्हणत. शाळेच्या हजेरीपटावर हीं नांवें वाचतांना मुलें हंसत. एखाद्या दगडूच्या आधीं त्याच्या आईनें किती नांवें ठेवलीं होतीं आणि तीं हांक मारण्यापूर्वींच कशीं पुसलीं गेलीं, हें मीं वर्गांत कैक वेळां समजावून सांगितलें आहे.

बालमृत्यूच्या अनेक कारणांत देवीचा रोग फार मोठा. १४ जून १८०२ रोजीं मुंबईंत ॲना डस्टहॉल ह्या तीन वर्षांच्या मुलीस लस टोंचण्यांत आली. हिंदुस्थानांतील हें पहिलें लसीकरण होय. बर्फ नाहीं, शीतपेटी नाहीं. लस जिवंत राखावयाची ती एका मुलाच्या दंडावरील फोडांतून दुसऱ्याच्या दंडांत टोंचून. ॲनाच्या दंडावरील लस अशीच मुलामुलांच्या अंगावरून दूरदूरच्या गांवीं पोंचली. मराठी माणसानें ह्या क्रियेला ‘देवी काढणें’ असें नांव दिलें आणि परक्या देशांतून आलेली लस आपल्या शितळादेवीच्या पदरांत घातली. हिंदुस्थानांत देवीचा शेवटचा रोगी १९७५ सालीं आढळला. आजच्या पंचविशींतील आईला ‘देवीच्या वणांचा चेहरा’ म्हणजे काय हें समजावून सांगावें लागतें, ह्यापरतें दुसरें सुख कोणतें?

आतां एका चौदा वर्षांच्या आईची हकीगत. आनंदीबाई जोशी १८६५ सालीं जन्मल्या आणि नवव्या वर्षीं त्यांचें लग्न झालें. चौदाव्या वर्षीं त्यांना मुलगा झाला व तो दहा दिवसांचा होऊन गेला. असल्या घटना त्या काळीं आळीआळींत होत. बाई चार दिवस रडे आणि सटवाईनेंच तसें लिहिलें होतें म्हणून पुन्हां चुलीपाशीं जाई. आनंदीबाईंनीं मात्र त्या मृत्यूचें कारण वैद्यकीय मदतीच्या अभावांत पाहिलें आणि डॉक्टर होण्याचा निश्चय केला. १८८३ सालीं त्या अमेरिकेस गेल्या. १८८६ सालीं फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनीं मिळविली. पदवीसाठीं त्यांनीं जो प्रबंध लिहिला त्याचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. परदेशीं जाऊन त्या बाईनें अभ्यासाला घेतली ती माहेरची बाळंतिणीची खोली! २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, वयाचीं बावीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, पुण्यास त्यांचा अंत झाला. एकाहि बाळंतिणीवर स्वतंत्रपणें उपचार करण्याची संधि त्यांना कोल्हापुरास मिळावयाची होती, ती मिळाली नाहीं. तथापि आपलें मूल कां गेलें हा प्रश्न आईनें स्वतः विचारावयाचा, हें त्यांच्यापासून सुरू झालें असें मी मानतों.

त्याच सुमारास दुसरी एक आई ह्याहून अवघड प्रसंगांत होती. पंडिता रमाबाईंची कन्या मनोरमा १८८१ सालीं जन्मली आणि पुढच्याच वर्षीं रमाबाईंना वैधव्य आलें. सासू नाहीं, आई नाहीं, नवरा नाहीं. थोरली बाई म्हणून सल्ला विचारावा असें घरांत कोणी नाहीं. १८८३ सालीं त्या लहानग्या मुलीला घेऊन त्या इंग्लंडांत वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठांत राहिल्या. तेथील भगिनींशीं त्यांचा झालेला पत्रव्यवहार पुढें छापला गेला आहे. त्यांतील वादाचा एक विषय मनोरमेचें संगोपन व तिचें धर्मशिक्षण हा आहे. ज्यांच्या आश्रयास आपण राहिलों, ज्यांचें अन्न खातों, त्यांनाहि रमाबाई सांगतात कीं, मुलीला काय शिकवावयाचें हें ठरविण्याचा अधिकार आईचा आहे. त्यांच्या धर्मांतराविषयीं कोणाचें मत कांहीं असो. एका मराठी बाईनें आपल्या मुलीच्या वाढीविषयीं स्वतःची बुद्धि चालवून, लेखी, कारणें देऊन भांडावें, असें माझ्या वाचनांत तरी त्याआधीं आलेलें नाहीं. दोरी हातीं आली ती अशी, सारीं माणसें गमावल्यावर.

आतां कष्टकऱ्यांच्या घराकडे वळूं. येथें सासूचा धाक कमी होता असें नव्हे, परंतु आईला शेतावर, बाजारास किंवा गिरणींत जावेंच लागे. रायगडाचे दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्यासाठीं कडा उतरून जाणारी हिरकणी गवळीण ही दंतकथा असेल. पण दूध विकावयास गेलेल्या आईचें घरीं ठेवलेलें मूल ही दंतकथा नाहीं. मुंबईंत कापडगिरण्या निघाल्यावर हजारों बाया घाट व कोंकण सोडून परळ-लालबागच्या चाळींत आल्या. एका खोलींत दोन-दोन बिऱ्हाडें. आजी गांवाकडे राहिलेली. आणि पाळी दहा-दहा तासांची. तेव्हां मूल निजून रहावें म्हणून त्याला अफूची ‘बाळागोळी’ देत. मुंबई सरकारनें गिरणींतील स्त्रियांच्या बाळंतपणाची चौकशी करण्यास डॉ. बार्न्स ह्या बाईंना नेमलें होतें. त्यांचा अहवाल १९२२ सालीं प्रसिद्ध झाला आणि बाळागोळीची चाल किती सर्रास आहे हें त्यांतून उघड झालें. ह्या अफूबद्दल त्या आयांना नांवें ठेवणारे पुष्कळ निघाले. मला त्यांचा राग येतो. मूल रडलें तर त्याला घेणारें कोणी नाहीं आणि पाळी चुकली तर चूल पेटत नाहीं, अशा बाईपुढें निवड ती कसली असणार? हेतुपुरस्सर मातृत्वाला आधीं थोडी विश्रांति लागते, चार दाणे लागतात.

ही गोष्ट कायद्याच्या भाषेंत मांडण्याचें श्रेय ज्यांना आहे त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर प्रमुख होत. जुलै १९२८ मध्यें मुंबईच्या कायदे कौन्सिलांत मातृत्व-साहाय्याच्या बिलास पाठिंबा देतांना त्यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, बाळंतपणाच्या आधीं व नंतर आईला विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें आहे. १९२९ सालीं तो कायदा झाला. आपल्या देशांतील त्या प्रकारचा तो पहिला. सबंध देशासाठीं तसा कायदा होण्यास १९६१ साल उजाडावें लागलें आणि २०१७ सालच्या दुरुस्तीनें पहिल्या दोन अपत्यांसाठीं ही पगारी रजा सव्वीस आठवड्यांची झाली. मोलकरणीला आणि शेतमजूर बाईला मात्र ह्या सव्वीस आठवड्यांपैकीं एकहि आठवडा मिळत नाहीं. हिरकणीच्या नांवानें एस. टी. स्थानकांवर अंगावर पाजणाऱ्या मातांसाठीं खोल्या राखल्या आहेत. त्यांतील कांहींना कुलूप असतें हें प्रवासी जाणतात.

मूल केव्हां व्हावें हें आईबापांनीं ठरविणें, ही तर संगोपनाच्याहि आधींची गोष्ट. रघुनाथ धोंडो कर्व्यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र उघडलें आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविलें. लोकांनीं त्यांची निंदा केली, खटले झाले, पैसा बुडाला. पाळण्याच्या इतिहासांत त्यांचें नांव घेतल्यावर आजहि कांहीं श्रोत्यांच्या भुंवया चढतील, परंतु तें नांव वगळून हा इतिहास सांगतां येत नाहीं.

तिसाव्या दशकांत, एकमेकांपासून फार दूर असलेल्या दोन ठिकाणीं, मराठी आईचें नवें चित्र रेखाटलें गेलें. पहिलें ठिकाण नाशिकचा तुरुंग. तेथें फेब्रुवारी १९३३ मध्यें साने गुरुजींनीं ‘श्यामची आई’ लिहिली. ती १९३५ सालीं छापली गेली. हें पुस्तक आपण डोळे पुसत वाचतों आणि त्यामुळें त्यांतील एक गोष्ट नजरेंतून निसटते. श्यामच्या आईला मुलावर स्वतःचे संस्कार करतां आले, त्याचें एक कारण असें कीं तें कुटुंब एकत्र घरांतून बाहेर पडलें होतें. दुसऱ्याच्या घरांत राहण्यापेक्षां स्वतःची झोपडी बरी, हा तिचाच आग्रह. त्या झोपडींत दारिद्र्य होतें, परंतु मुलाला केव्हां रागवावयाचें, केव्हां जवळ घ्यावयाचें आणि आंघोळीनंतर तळव्यांना माती लागूं नये म्हणून हट्ट धरणाऱ्या त्याला कोणती शिकवण द्यावयाची, हें ती एकटी ठरवी. तरीहि हें चित्र मुलानें काढलेलें आहे. आईचें म्हणणें आपणांस मुलाच्या आठवणींतून ऐकूं येतें.

दुसरें ठिकाण भावनगर. तेथें वकिली सोडून आलेले गिजुभाई बधेका दक्षिणामूर्ति संस्थेंत १९२० पासून बालमंदिर चालवीत होते. राजकोटची चांगली नोकरी सोडून ताराबाई मोडक १९२३ सालीं त्यांना जाऊन मिळाल्या. रोम शहरांतील गरीब वस्तींत १९०७ सालीं डॉ. मारिया माँटेसरींनीं पहिलें बालगृह उघडलें होतें; त्यांच्या पद्धतीस देशी साहित्याचा पेहराव चढविण्याचें काम ह्या दोघांनीं केलें. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, १९३३ पासून ताराबाईंनीं मराठींत ‘शिक्षणपत्रिका’ काढली आणि १९३६ पासून त्या दादरच्या हिंदु कॉलनींत शिशुविहार चालवूं लागल्या.

दादर हें स्थळ लक्षांत घ्या. कारकून, शिक्षक, वकील अशा मंडळींचीं नवीं दोन-तीन खोल्यांचीं बिऱ्हाडें. नवरा सकाळीं लोकलनें कचेरींत. सासू पुण्यास किंवा रत्नागिरीस. आणि घरांत विशीची मॅट्रिक झालेली आई व तिचें दोन वर्षांचें मूल. दोरी आतां पूर्णपणें तिच्या हातीं होती, आणि ती केवढ्यानें ओढावयाची हें सांगणारें माणूस मात्र घरांत उरलें नव्हतें. ती मोकळी जागा मासिकानें भरून काढली. मुलाला बागुलबुवाची भीति घालूं नका. त्याला मारूं नका, लांचहि देऊं नका. त्याच्या हाताला पोंचेल एवढ्या उंचीवर त्याचा पेला, त्याचा पंचा, त्याचे कपडे ठेवा. सांडलें तरी त्याचें त्याला जेवूं द्या. त्याचें काम त्याच्या गतीनें होऊं द्या. आज ह्यांत नवल वाटत नाहीं. परंतु छडीवांचून विद्या नाहीं असें मानणाऱ्या घरांत, आणि शाळांतहि, हें केवढें धाडसाचें बोलणें होतें याची कल्पना माझ्यासारख्या प्राथमिक शिक्षकास चांगली आहे. नवी शिकवण कांहीं बाबतींत कांटेकोरपणाच्या आहारीं गेली असें माझें मत आहे. चिऊकाऊची गोष्ट सांगत घांस भरविण्यांत मुलाची भाषा कशी फुलते, हें आजीला पुस्तकावांचून ठाऊक होतें.

ह्या इतिहासांत एक गोष्ट वरचेवर आढळते व मन चुरचुरतें. बालसंगोपनाची विद्या ज्यांनीं उभी केली त्यांतील कितीकांना स्वतःचें मूल लाभलें नाहीं. आनंदीबाईंचें दहा दिवसांत गेलें. सावित्रीबाई फुल्यांना अपत्य नव्हतें. फसवल्या गेलेल्या विधवांसाठीं १८६३ सालीं पुण्यांत जोतीरावांनीं व त्यांनीं प्रसूतिगृह काढलें आणि तेथें जन्मलेला यशवंत दत्तक घेऊन डॉक्टर केला. माँटेसरीबाईंचा मुलगा लहानपणीं त्यांच्यापासून दूर खेड्यांत वाढला. आणि ताराबाईंना १९४५ सालीं बोर्डी येथें येऊन मिळालेल्या अनुताई वाघ तर तेराव्या वर्षीं लग्न होऊन थोड्याच महिन्यांत विधवा झालेल्या.

बोर्डीला जें घडलें तें दादरच्या उलट. शिशुविहारांत आई मुलाला बोट धरून आणून सोडी. बोर्डींत हरिजन व आदिवासी वस्तींतील मुलें बालवाडींत येईनात. त्यांच्या आया पहांटेच कामावर गेलेल्या, मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन शेळ्यांमागें गेलेली. तेव्हां ताराबाई व अनुताई आपलें साहित्य घेऊन त्यांच्या अंगणांतच गेल्या. आधीं मुलांना आंघोळ, मग गाणें, मग खेळ. धाकटें भावंड सांभाळणाऱ्या पोरीला तें भावंड घेऊनच येण्याची मुभा. पुढें कोसबाडच्या टेकडीवर हें कार्य वाढलें. ‘अंगणवाडी’ हा शब्द ह्या खटाटोपांतून रूढ झाला आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजीं सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हां तो सबंध देशानें उचलला. आज तामिळ किंवा बंगाली प्रदेशांतील सरकारी कागदांतहि तो मराठमोळा शब्द दिसतो.

सध्यांच्या आईकडे पाहिलें म्हणजे मला दादरची ती विशीची आई आठवते. मासिकाच्या जागीं मोबाइल आला इतकेंच. रात्रीं दोन वाजतां बाळ रडलें कीं ती तेथें कारण शोधते, आणि तिला एकाच वेळीं शंभर सासवा उत्तर देतात. सहा महिनेपर्यंत आईच्या दुधावांचून कांहीं देऊं नये, गुटी नको, डोळ्यांत काजळ नको, असें डॉक्टर सांगतात, आणि तें शास्त्रशुद्ध आहे. तोंवर गांवाहून आजीनें पाठविलेला गुटीचा डबा घरीं पोंचलेला असतो. तो परत पाठवावयाचा कीं फडताळांत ठेवून द्यावयाचा, हा प्रश्न बाहेरून क्षुल्लक दिसतो. मला विचाराल तर डबा ठेवावा व आजीलाच बोलावून घ्यावें; तेल चोळण्यास आणि गोष्टी सांगण्यास कोणत्याहि डॉक्टरची मनाई नाहीं.

शेवटीं शाळेच्या दप्तरांतील एक बाब सांगतों. मी नोकरीस लागलों त्या वेळीं जनरल रजिस्टरांत मुलाचें नांव, बापाचें नांव व आडनांव एवढें लिहीत असूं. मुलाला नांव दाखल करण्यास बोट धरून आणणारी बहुधा आईच असे. तिचें नांव विचारण्याचें कारण पडत नसे. पुढें आईच्या नांवासाठीं निराळा रकाना आला. आतां महाराष्ट्र सरकारच्या निर्णयाप्रमाणें १ मे २०२४ रोजीं किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाचें नांव सरकारी कागदपत्रांत लिहावयाचें तें असें: प्रथम मुलाचें नांव, त्यापुढें आईचें, मग बापाचें आणि शेवटीं आडनांव. त्या दिवसानंतर जन्मलेलीं मुलें आतां अंगणवाडीच्या वयाचीं होत आहेत. थोड्याच वर्षांत तीं पहिलीच्या वर्गांत येऊन बसतील आणि मास्तर त्यांची हजेरी घेतील.